गादे (किनाऱ्याजवळचे डॉल्फिन) मोजायचे कसे? जाळ्यात अडकले तर करायचं काय? (किनाऱ्यावरच्या गावांसाठी)

पुळण

देवगड ते वेंगुर्ला ह्या पट्ट्यात किनाऱ्यावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो, हंपबॅक. शास्त्रीय नाव सौसा प्लम्बिया. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा पर. आपण त्याला गादा म्हणतो. दुसरा भुलगा, म्हणजे फिनलेस पॉरपॉईज, डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक. त्याच्या पाठीवर पर नसतो, चोच नसते, लांबी जेमतेम दीड-पावणेदोन मीटर, आणि श्वास घेऊन तो इतक्या गुपचूप खाली जातो की दोन होड्यांच्या मधून गेला तरी कळत नाही.

गादा २०१७ पासून आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. उथळ पाणी सोडून तो सहसा बाहेर जात नाही. खाडीच्या तोंडाशी बोय, पेडवे असे मासे खातो, म्हणजे नेमका तिथेच असतो जिथे आपली जाळी असतात. मादीला साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू होतं. एका खाडीच्या तोंडावर वर्षाला दोन माद्या मेल्या तरी ती तूट लवकर भरून निघत नाही.

माझा प्रश्न गावाच्या बाजूने आहे. पंधरा-वीस होड्या, एक मच्छीमार सोसायटी, कॉलेजची चार मुलं आणि हातात फारसा पैसा नाही. एवढ्यावर अशी नोंद कशी ठेवायची, जी उद्या अभ्यासकांना खरोखर वापरता येईल? आणि जाळ्यात अडकलेल्या प्राण्याची खबर द्यायला मच्छीमार घाबरणार नाही अशी व्यवस्था कशी लावायची? अनुभवी लोकांनी जरा तपशिलात लिहा.

निवटी

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो. गावातल्या वहीत फक्त 'दिसले' त्या दिवसांची नोंद असते. 'पाच गादे, तारकर्लीसमोर, सकाळी.' ह्या नोंदीवरून गादे वाढले की कमी झाले काहीच कळत नाही. महिन्यात चार वेळा दिसले हे चार फेऱ्यांत की चाळीस फेऱ्यांत?

म्हणून रोजची फेरी लिहायची. निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, कुठून कुठे गेलात, आणि काही दिसलं नाही तर स्पष्ट 'दिसले नाहीत'. हा रिकामा दिवस नोंदीतला सगळ्यात मोलाचा दिवस असतो. १०० किलोमीटर फिरून आठ कळप दिसले तर किलोमीटरमागे ०.०८ कळप. पुढच्या वर्षी तेच अंतर, त्याच महिन्यात, तशाच पाण्यात फिरून तीन दिसले तर तिथे काहीतरी बदललंय हे सांगता येतं. नुसत्या 'दिसले'च्या वहीतून हे कधीच सांगता येणार नाही.

अनघा_पुणे

'तशाच पाण्यात' म्हणजे?

निवटी

वाऱ्याने समुद्र किती खवळलाय ते. त्याला ब्यूफोर्ट मोजणी म्हणतात. ० म्हणजे पाणी आरशासारखं. २ म्हणजे लहान लाटा, पण फेस नाही. ३ ला इकडेतिकडे पांढरा फेस दिसायला लागतो. गाद्यासाठी ३ पर्यंत चालतं, त्यापुढे नोंद घेणं थांबवायचं. भुलग्यासाठी १ च्या वर गेलं की मोजणीवर विश्वास ठेवू नका. पर नाही, उडी नाही, फक्त काळसर पाठीची एक रेघ वर येते आणि जाते. फेसाच्या पाण्यात ती रेघ हरवते आणि वहीत 'भुलगे कमी झाले' असं चुकीचं चित्र उभं राहतं.

आपल्याकडे थंडीत वारा दुपारकडे वाढतो. त्यामुळे साडेसहाला निघून अकराच्या आत परत आलेलं बरं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, समुद्रही तसाच. कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे.

कांडाळ

गादो जाळ्यातलो बांगडो खाता आणि जाळा फाडून जाता. त्याचो हिशोब कोण ठेवतलो? मोजूचा तर फाटलेला जाळा पण मोजा. नायतर ह्यो सगळो एकतर्फी कारभार.

पुळण

कांडाळ, हा मुद्दा मूळ प्रश्नातच हवा होता. नोंदीच्या कागदावर 'जाळ्याचं नुकसान' असा रकाना ठेवायचा का?

माडाचं_बन

ठेवायचाच, आणि पहिल्या दिवसापासून. सिंधुदुर्गात यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि जीईएफ (जागतिक पर्यावरण निधी) ह्यांच्या मदतीने झालेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पाच्या काळात कोकण सिटेशियन रिसर्च टीम ह्या डॉल्फिन-व्हेलच्या अभ्यासगटाने होडीतून मोजणी केली, तशा मच्छीमारांच्या मुलाखतीही घेतल्या. त्या कामात जाळी फाटण्याचा विषय सतत होता. मच्छीमाराला जे दुखतं ते कागदावर आलं नाही तर तो बाकीचं खरं सांगणार नाही.

रकाना मात्र नीट हवा. जाळ्याचा प्रकार (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, की गिलनेट म्हणजे मासा कल्ल्यांनी अडकतो ते उभं जाळं, तळाचं की वरचं), आसाचा म्हणजे जाळ्याच्या घराचा आकार, किती वेळ पाण्यात होतं, भोक केवढं, आणि भोकाजवळ काय उरलं. ह्यातलं शेवटचं महत्त्वाचं. माशाचं फक्त डोकं आसात अडकून राहिलंय आणि धड ओढून नेलंय, तर बहुधा डॉल्फिन. मासा तुकड्या-तुकड्यांनी कुरतडलाय तर खेकडे, समुद्री पाणकिडे किंवा लहान मासे. जाळं लांब उभं फाटलंय आणि दोर तुटलाय तर दुसऱ्या बोटीचा पंखा किंवा ट्रॉलरची ओढ. सगळा दोष गाद्यावर गेला तर ट्रॉलर मोकळा सुटतो, आणि तेही गिलनेटवाल्याच्याच तोट्याचं.

सुकती

फोटोबद्दल. गाद्याच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात. प्रत्येकाच्या वेगळ्या. त्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखता येतो आणि पुढच्या वर्षी तोच परत दिसला हे सांगता येतं. पण त्यासाठी मोबाइलचा फोटो जवळजवळ निरुपयोगी. किमान ३०० मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाच्या १/१००० किंवा त्याहून जलद, फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर, आणि सूर्य पाठीमागे. समोरून ऊन आलं तर पर नुसता काळा दिसतो, खाचा भरून गेल्यासारख्या वाटतात.

दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. आणि सुंदर उडीच्या मागे लागू नका. कामाचा फोटो म्हणजे पर आपल्या नजरेला काटकोनात, पूर्ण पाण्याबाहेर, कडा धारदार. नेहमीची दुसरी चूक, फक्त 'ओळखीच्या' ठळक खाचांच्या प्राण्यांचे फोटो काढणं. कळपातल्या प्रत्येकाचा प्रयत्न करायचा, गुळगुळीत पराच्यांचाही, कारण खाचा नसलेल्यांचं प्रमाण किती हे त्यातूनच कळतं.

भरतीचा_ताळेबंद

सुकतींनी म्हटलेलं प्रमाण कशाला लागतं ते आकड्यात दाखवतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत.

पहिल्या फेरीत २० प्राणी खाचांवरून ओळखले. दुसऱ्या फेरीत २५ ओळखले, त्यातले ५ पहिल्या फेरीतलेच. साधा हिशोब २० × २५ ÷ ५ = १००. पण पुन्हा दिसलेले इतके थोडे असतील तर हा हिशोब वर सरकतो, म्हणून चॅपमनची दुरुस्ती वापरतात: (२१ × २६ ÷ ६) – १ = ९०. हे झाले खाचा असलेले प्राणी. फोटोंत ६० टक्के परांवर खाचा असतील तर एकूण ९० ÷ ०.६ = १५०.

आता दुसऱ्या फेरीत अंधूक फोटोमुळे एका जुन्या प्राण्याला नवा समजलं, तर पुन्हा दिसलेले ५ चे ४ होतात. हिशोब (२१ × २६ ÷ ५) – १, म्हणजे १०८. एका चुकीच्या फोटोने १८ प्राणी जन्माला घातले, आणि एकूण आकडा १५० वरून १८० वर. त्यामुळे अंधूक फोटो मोजणीतून निर्दयपणे काढून टाका.

बोय

प्रत्येक गावात तीनशेची लेन्स कुठून येणार? सोपं असं काही?

सुकती

बोय, प्रत्येक गावाला नको. तीन-चार गावांत मिळून एक कॅमेरा, महिन्यातून दोन ठरलेल्या फेऱ्या. बाकी दिवस होडीवाल्यांची रोजची वही. वहीत कळप केवढा ते तीन आकड्यांत लिहा: कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि तुमचा अंदाज. पिल्लं वेगळी. पिल्लू म्हणजे आईच्या अर्ध्याहून लहान आणि तिच्या कुशीला चिकटून पोहणारं. नुकत्याच जन्मलेल्याच्या अंगावर घड्या पडल्यासारखे फिकट पट्टे दिसतात.

निवटी

आणि मोबाइल अगदीच निरुपयोगी नाही. जागा त्यावर लिहा. 'मालवणच्या राजकोटसमोर' म्हणजे कुणाच्या लेखी अर्धा किलोमीटर, कुणाच्या लेखी तीन. जीपीएसचे आकडे जसेच्या तसे उतरवा, दशांशाच्या पुढे चार अंक. पाण्याची खोली इको साउंडरवर दिसत असेल तर तीही.

अनघा_पुणे

पाण्यात माइक सोडून आवाजावरून मोजता येत नाही का?

भरतीचा_ताळेबंद

येतं, पण महाग आहे. गाद्याच्या शिट्ट्या साध्या हायड्रोफोनवर मिळतात, त्यातल्या खालच्या पट्टीतल्या माणसालाही ऐकू येतात. भुलगा शिट्टी घालतच नाही. त्याचे टकटक आवाज साधारण १२५ ते १४० किलोहर्ट्झवर असतात. ते पकडायला रेकॉर्डरने सेकंदाला निदान तीन लाख नमुने घ्यायला हवेत. बाजारातला नेहमीचा रेकॉर्डर ४८ हजार घेतो. त्यावर भुलगा शेजारी असला तरी शांतताच ऐकू येईल, आणि लोक लिहितील 'भुलगा नाही'. गावाने ह्यात पडू नये, विद्यापीठाकडून उपकरण आलं तर ते नांगरून ठेवायला आणि सांभाळायला मदत करावी. मच्छीमाराला तळ ठाऊक असतो, खडक कुठे आणि चिखल कुठे, ट्रॉलर कुठून ओढतो. ते माहीत नसताना टाकलेली उपकरणं दुसऱ्या दिवशी जाळ्याबरोबर वर येतात.

कांडाळ

ह्या सगळा बरा आसा. पण जाळ्यात मेलेलो गादो गावलो तर सांगूचो कोणाक? सांगलव तर पोलीस येतले, होडी अडकवतले, ही भीती सगळ्यांका आसा. म्हणान लोक दगड बांधून बुडवतत आणि गप रवतत.

माडाचं_बन

हाच ह्या धाग्याचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन, पॉरपॉईज, व्हेल हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिकार किंवा अवयव बाळगणं ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. हे ऐकून माणूस घाबरणारच. पण त्याच कायद्याच्या ३९व्या कलमानुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता समजला जातो आणि तो हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणजे कळवणं हे कायदा पाळणं आहे. लपवणं, दात काढून ठेवणं, चरबी वितळवून तेल करणं, मांस आमिषाला वापरणं, ह्यात माणूस खरा अडकतो.

व्यवहारात असं करा. एकट्या मच्छीमाराने फोन करायचाच नाही. सोसायटीने करायचा. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, खारफुटी आणि किनाऱ्याचं काम बघणाऱ्या कांदळवन कक्षाचं स्थानिक कार्यालय आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी: अमुक वेळी, अमुक जागी, अमुक प्रकारच्या जाळ्यात, मृत अवस्थेत आढळला. त्याची पोच घ्या. होडी कुणाची हे अधिकाऱ्याने विचारलं तर खरं सांगा, पण आपल्या अभ्यासाच्या वहीत नाव लिहू नका, फक्त सांकेतिक क्रमांक.

आणि दुसरी गोष्ट हंगाम सुरू व्हायच्या आधी करायची. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आसपास, सगळे होडीवाले गावात असतात. तेव्हा वन आणि मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांना सोसायटीत बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा: 'आम्ही कळवलं तर पुढे नेमकं काय होईल?' उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. खबर न देण्यामागे कायद्यापेक्षा 'पुढे काय होईल' हे माहीत नसण्याचा वाटा मोठा असतो.

बोय

जिवंत अडकला तर नुकसानभरपाई आहे ना?

माडाचं_बन

आहे. राज्यात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत. डॉल्फिन, पॉरपॉईज, कासव, व्हेल शार्क सगळे त्यात येतात. गुजरातेत व्हेल शार्कसाठी आधी असंच सुरू झालं होतं. तिथे मच्छीमारांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांनीच काढलेला फोटो पुरावा धरायला लागल्यावर काम सोपं झालं, कारण अधिकारी समुद्रात पोचेपर्यंत मासा तडफडत ठेवावा लागत नव्हता.

अर्ज कुठे अडकतात ते बघा. एक, फक्त प्राण्याचा फोटो असतो, कापलेल्या जाळ्याचा नसतो. दोन, फोटोत होडीचा नोंदणी क्रमांक दिसत नाही. तीन, होडीचा परवाना संपलेला. त्यामुळे एकाच सलग व्हिडिओत क्रमांक, अडकलेला प्राणी, कापणं आणि पोहत जाणं. काठावर आल्यावर फाटकं जाळं पसरून शेजारी मोजपट्टी ठेवून आणखी दोन फोटो.

कांडाळांचा राग मात्र रास्त आहे. गादा जाळं फाडून निघून गेला तर ह्या योजनेत काही मिळत नाही, कारण सुटका झालेली नसते. म्हणूनच नुकसानीचा रकाना हवा. पाच गावांची तीन हंगामांची सलग नोंद घेऊन गेलात तर मागणीला वजन येईल.

वल्हं

सुटका कशी करायची तेही लिहून ठेवूया, कारण त्या क्षणी घाई होते.

इंजिन न्यूट्रलला. पंखा फिरता ठेवून जवळ जाऊ नका. सगळ्यात आधी प्राण्याचं नाक, म्हणजे डोक्यावरचं भोक, पाण्याच्या वर येईल असा जाळ्याचा भार उचला. पाण्याखाली अडकून राहिला तर तो गुदमरतो, आणि जाळं कापायला आपल्याला वेळ लागतो, तोवर श्वास चालू हवा. मग कापायला सुरुवात. पीळ बहुधा तीन ठिकाणी असतो: चोचीभोवती, बाजूच्या वल्ह्यासारख्या परांच्या मुळाशी, आणि शेपटीच्या देठाला. टोक बोथट असलेला आकडी सुरा, धार अंगापासून बाहेरच्या बाजूला.

शेपटीला दोर बांधून ओढू नका. मणके आणि स्नायू दुखावतात, प्राणी पोहत गेल्यासारखा दिसतो आणि पुढे मरतो. शेपटीच्या फटक्याने माणसाचं हाडही मोडतं, म्हणून उभं राहायचं ते बाजूला, मागे नाही. आणि नायलॉनचा एकही धागा अंगावर ठेवू नका. 'एवढासा राहिला' म्हणून सोडलेला धागा प्राणी वाढला की मांसात रुततो.

भरतीचा_ताळेबंद

भुलग्याच्या बाबतीत एक जोड. तो बहुधा तळाच्या गिलनेटमध्ये अडकतो आणि जाळं वर येईपर्यंत मेलेला असतो. तिथे सुटकेपेक्षा जाळं पाण्यात किती तास राहतं ह्यालाच महत्त्व. रात्री टाकून सकाळी उचलण्याऐवजी जवळ थांबून दोन-तीन तासांनी उचललं तर मासा ताजा मिळतो, खेकड्याने कुरतडणं कमी होतं, आणि भुलगा अडकायला वेळही कमी मिळतो.

वल्हं

डिझेलचं काय? थांबायचं म्हणजे रात्र समुद्रात काढायची.

भरतीचा_ताळेबंद

खरं आहे. सगळ्या जाळ्यांना जमणार नाही. खाडीच्या तोंडाजवळच्या, किनाऱ्यापासून जवळच्या जाळ्यांना जमेल, आणि भुलगा तिथेच जास्त असतो.

अनघा_पुणे

पिंगर लावले तर? आवाज करणारं यंत्र जाळ्यावर लावतात म्हणे.

निवटी

युरोप-अमेरिकेत तिथल्या पॉरपॉईजसाठी पिंगरचा चांगला उपयोग झालाय. पण ते सरळ उचलून इथे आणू नका. साधारण दर १०० मीटरला एक लागतो, म्हणजे किलोमीटरभर जाळ्याला दहा. मधल्या एकाची बॅटरी संपली की तिथे 'दार' उघडं राहतं, आणि प्राणी नेमका तिथून शिरतो. दुसरं, गादा हुशार आहे. त्या आवाजाचा अर्थ 'इथे बांगडा आहे' असा लावायला तो शिकू शकतो, जेवणाच्या घंटेसारखा. तिसरं, भुलगा खरंच घाबरून पळाला तर खाडीच्या तोंडावरची त्याची खायची जागाच गेली. आधी दोन वर्षं नीट नोंद, मग सरकारी संशोधन संस्थेबरोबर लहान चाचणी, हाच क्रम.

खाजण

थोडं विषयांतर, पण जवळचं. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या. तारकर्ली, देवबाग, हर्णै, मुरूड, गोव्यात सिंकेरी. गिऱ्हाइकाला उडी दाखवायची म्हणून सात-आठ होड्या एका कळपाला घेरतात. हे जाळ्याइतकंच वाईट. आई आणि पिल्लू वेगळी पडतात, दूध पाजणं थांबतं, आणि कळप हळूहळू ती जागा सोडतो. मग होडीवाल्याचाच धंदा बसतो.

नियम साधे आहेत आणि पाळता येतात. कळपाला समोरून किंवा मधून कापू नका. मागून-बाजूने, त्यांच्या दिशेला समांतर, त्यांच्याहून हळू. ५० मीटरवर इंजिन न्यूट्रल. एका वेळी दोन होड्या, बाकीच्या थांबतील. पंधरा-वीस मिनिटांनी निघा. पिल्लू दिसलं की लांबूनच वळा. गोव्यात टेरा कॉन्शस ह्या संस्थेने होडीवाल्यांना असं प्रशिक्षण देऊन जबाबदार सफरींचा नमुना उभा केलाय. प्रवाशाला आधी दहा मिनिटं समजावून सांगितलं तर तो 'जवळ घ्या, जवळ घ्या' म्हणत नाही.

बोय

हे होडीवाले रोज चार फेऱ्या मारतात, हंगामभर. म्हणजे निवटींना हवी ती रोजची वही ह्यांच्याकडूनच मिळेल की!

निवटी

मिळेल, आणि घ्यावी. फक्त एक ध्यानात ठेवा. ते गादे असतात तिथेच जातात आणि एकमेकांना फोन करून बोलावतात. त्यांच्या नोंदीवरून संख्या काढू नका. पिल्लं कुठल्या महिन्यात दिसायला लागतात, अंगावर जखमा किती जणांच्या आहेत, ह्यासाठी ती नोंद उत्तम.

सुकती

मुलाखती घेणार असाल तर एक युक्ती. चित्रांची कार्डं करा: गादा, भुलगा, बॉटलनोज आणि स्पिनर डॉल्फिन, ब्रायडीज व्हेल. त्यात दोन अशी मिसळा जी इथे नाहीतच, उदाहरणार्थ पांढरा बेलुगा. कुणी 'हा पण रोज दिसतो' म्हणाला तर त्याच्या बाकी उत्तरांना किती वजन द्यायचं ते कळतं. 'गेल्या वर्षी किती अडकले' असं तारखेने विचारू नका. 'होळीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत', 'गणपतीनंतर' असं विचारा, आठवण पक्की होते. आणि पहिला प्रश्न मासळीचा. गाद्याचा प्रश्न अर्ध्या तासानंतर. वर्दीतला माणूस बरोबर नको.

खाजण

काठावर वाहून आलेल्यांचं कुणी लिहिलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू आलं तेव्हा लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही. गावाला निदान पहिला तास तरी माहीत हवा.

वल्हं

जिवंत असेल तर:

पोटावर सरळ ठेवा, कुशीवर पडू देऊ नका. बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करा म्हणजे ते दबत नाहीत. ओली सुती चादर अंगावर, नाकाचं भोक उघडं. पाणी ओतताना त्या भोकात एक थेंबही जाऊ देऊ नका. वर सावली धरा, उन्हात कातडीला फोड येतात. गर्दी वीस मीटर मागे, आवाज बंद, कुत्रे बांधा. मिनिटाला किती श्वास ते कुणीतरी घड्याळ लावून लिहीत राहा, पशुवैद्य आल्यावर पहिलं तेच विचारतील. त्याच्या श्वासाचे तुषार तोंडावर घेऊ नका, रोग माणसाला लागू शकतात.

लगेच पाण्यात ढकलायची घाई नको. गादा-भुलगा असेल तर तपासून, ताडपत्रीच्या झोळीत उचलून, लाटांच्या पलीकडे नेऊन सोडतात. मोठ्या व्हेलचं गणित वेगळं. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं चिरडत असतात. दूध पिणारं पिल्लू आईविना समुद्रात जगत नाही. तिथे माणसं सुरक्षित ठेवणं आणि तज्ज्ञांना बोलावणं एवढंच गावाच्या हातात असतं.

भरतीचा_ताळेबंद

मेलेला असेल तर माहितीचा खजिना समजा. अवस्था अंकात लिहा: २ म्हणजे ताजा, ३ म्हणजे फुगायला लागलेला, ४ म्हणजे पार सडलेला, ५ म्हणजे सुकलेलं कातडं किंवा हाडं. १ जिवंतासाठी.

लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. टेप पाठीवरून वळवून घेतली तर आकडा वाढतो. दात बघा: गाद्याचे शंकूसारखे टोकदार, भुलग्याचे फावड्यासारखे चपटे. सडून ओळख पटत नसेल तेव्हा दातच सांगतात. मग जखमा. चोचीवर आणि परांच्या पुढच्या कडेवर बारीक समांतर रेघा म्हणजे जाळं. सारख्या अंतरावर ओळीने खोल वळलेले काप म्हणजे पंखा. शेपूट सुऱ्याने सरळ कापलेली असेल तर कुणीतरी जाळ्यातून काढताना कापली.

हे झालं की शेपटीच्या देठाला रंगीत नायलॉनचा दोर बांधा. भरतीने उचलून तोच प्राणी पुढच्या गावाला लागतो आणि दोनदा मोजला जातो. पुरायचा तर भरतीच्या रेषेच्या वर, दोन मीटर खोल, वन विभागासमोर.

आणि पावसाळ्यात जास्त सापडले म्हणून पावसाळ्यात जास्त मरतात असा निष्कर्ष काढू नका. नैर्ऋत्येचा वारा खोल पाण्यातलं सगळं काठाला आणून टाकतो. हिवाळ्यात मेलेले उलट बाहेर जाऊन बुडतात.

माडाचं_बन

ह्या सगळ्याला आता बाजाराचीही बाजू आहे. अमेरिका आपल्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्यानुसार मासळी विकणाऱ्या देशांकडे विचारणा करते की तुमच्या जाळ्यांत किती डॉल्फिन मरतात आणि ते कमी करायला काय करता. आकडे देशाकडे हवेत. गावातून खरी नोंद गेली तर 'गिलनेट सगळं वाईट' असा सरसकट शिक्का बसणार नाही. कुठलं जाळं, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर, हे वेगळं काढून दाखवता येईल.

पुळण

सगळ्यांचे आभार. वाचून एक पानाचा कागद केलाय, सोसायटीत ठेवायला. रकाने असे:

तारीख / निघाल्याची आणि परतल्याची वेळ / मार्ग / समुद्र (० ते ३) / दिसले की नाही / गादा, भुलगा की इतर / कमीत कमी, जास्तीत जास्त, अंदाज / पिल्लं / जीपीएस / जाळं: प्रकार, आस, तास / नुकसान: भोक, उरलेला मासा / अडकला: जिवंत सोडला, मेलेला, नाही.

होडीचं नाव नाही, क्रमांकही सांकेतिक. क्रमांकांची यादी फक्त सोसायटीच्या कपाटात.

कांडाळ

कागद होडयेर भिजतलो. पाटी करा, पेन्सिलीन लिवची, काठार येऊन वहीत उतरवची. आणि समुद्राचे आकडे कोणाक कळाचे नाय. 'तेलावाणी', 'बारीक लाट', 'फेस' असा लिवा.

निवटी

कांडाळ म्हणतात तसंच करा. 'तेलावाणी' म्हणजे ० आणि १, 'बारीक लाट' म्हणजे २, 'फेस' म्हणजे ३. आकडे नंतर आपण घालू.

पुळण

बदलतो. पाटीसाठी पांढरा जाड पीव्हीसी पत्रा बघितलाय, पेन्सिल चालते आणि काथ्याने घासून पुसता येतो. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरीने पेन्सिल बांधायची. पहिल्या दहा होड्यांना ह्या आठवड्यात देतो.

कांडाळ

अकरा कर. माझी एक धर.